कंपनी एनसीएलटीत गेली, आता आमच्या पगारकराराचं काय होणार?

लेथवाला_अंबड | ८ नोव्हेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी नेहमीचा वाचनमात्र माणूस, धागा पहिल्यांदाच काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या. काल जेट एअरवेजचा निकाल बघितला, सुप्रीम कोर्टाने कंपनी लिक्विडेशनमध्ये काढायला, म्हणजे बंद करून विकून टाकायला सांगितली, आणि रात्री झोपच लागेना म्हणून लिहायला बसलो.

आमची कंपनी नाशिकला अंबड एमआयडीसीत. गाड्यांचे पार्ट मशिनिंग करतो. नाव लिहीत नाही, उगाच मलाच नोटीस यायची. २१२ पर्मनंट कामगार, युनियन आहे, मी कमिटीत दुसऱ्यांदा निवडून आलोय. २०२३ ला तीन वर्षांचा करार झाला, ७२०० रुपये वाढ, पहिल्या वर्षी ५० टक्के आणि मग २५-२५. सही झाली त्या दिवशी गेटवर पेढे वाटले होते. आता बँकेने कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या कोर्टात नेली, सप्टेंबरच्या शेवटी अर्ज मंजूर झाला. मालक दोन महिने दिसलेला नाही. त्याच्या केबिनमध्ये मुंबईचा एक सीए बसतो, आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल) म्हणतात त्याला, पोरगेलासा आहे, बोलायला गोड, चहा पाजतो. पण परवा नोटीस बोर्डावर कागद लागला की दुसऱ्या टप्प्याची वाढ "तूर्त स्थगित". आणि त्याआधीचा सात महिन्यांचा फरक थकलेला आहे तो वेगळाच.

आमच्यातली तरणी पोरं म्हणतात गेट मीटिंग लावा, घोषणा द्या. अरे पण कोणाच्या नावाने द्यायच्या? मालक आत नाही, बँक नाशिकला नाही आणि हा सीए म्हणतो मी कोर्टाचा माणूस. करार कायद्याने जिवंत आहे का मेला, एवढंच कोणी जाणकाराने सांगा.

---

दुपारची_झोप

वाचतेय. जाणकारांच्या प्रतीक्षेत. (आमच्या ह्यांची कंपनी पण डळमळीत आहे.)

---

ठाण्याचा_वकील

लेथवाले दादा, आधी घाबरू नका आणि दुसरं, कुठल्याही कोऱ्या किंवा "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही करू नका. मी लेबर कोर्टात २६ वर्षं काढली, आता तब्येतीमुळे घरूनच सल्ला देतो.

करार जिवंत आहे. औद्योगिक विवाद कायद्याखालचा करार मुदत संपली तरी लागू राहतो, कोणीतरी रीतसर नोटीस देऊन दोन महिने जाईपर्यंत. तुमची तर मुदतही संपलेली नाही. पगाराच्या अटी बदलायच्या तर कलम ९ए ची २१ दिवसांची नोटीस लागते, बोर्डावर चार ओळी चिकटवून भागत नाही. आरपी मालकाच्या जागी बसला म्हणून त्याला मालकापेक्षा जास्त अधिकार येत नाहीत.

आता वाईट बातमी. एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की एमआरटीयू अँड पीयूएलपी कायद्याखाली तक्रार टाका, शेड्यूल चारमधला नववा आयटम, करार न पाळणं ही अनुचित कामगार प्रथा. हा आपला महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, भल्याभल्या मालकांना आम्ही त्यावर कोर्टात उभं केलंय. पण दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाला की मोरॅटोरियम लागतं, कलम १४, म्हणजे कंपनीविरुद्धच्या सगळ्या केसेस जागच्या जागी थांबतात. मग जायचं कुठे तर त्याच एनसीएलटीत, कलम ६०(५) खाली अर्ज घेऊन.

म्हणून दोन खाती वेगळी ठेवा. अर्ज मंजूर झाल्याच्या तारखेनंतर तुम्ही जे काम करताय त्याचा पगार हा प्रक्रियेचा खर्च, तो सगळ्यात आधी द्यावा लागतो, बँकेच्याही आधी. तो कराराच्या दरानेच मागा, लेखी मागा. आणि त्या तारखेच्या आधीचं जे थकलंय, तुमचा सात महिन्यांचा फरक वगैरे, तो आता पगार राहिला नाही, तो "क्लेम" झाला. त्याला फॉर्म भरावा लागतो. क्लेम टाकलात का?

---

लेथवाला_अंबड

नाही हो वकीलसाहेब. कसला फॉर्म? आरपी म्हणाला सगळं रेकॉर्डवर आहे, तुम्ही काळजी करू नका.

---

ठाण्याचा_वकील

अहो हे "काळजी करू नका"च घात करतं.

पेपरात फॉर्म ए नावाची जाहिरात आलेली असणार, एक इंग्रजी पेपर आणि एक मराठी, आतल्या पानात टेंडर नोटिसांच्या शेजारी. त्यात क्लेमची शेवटची तारीख असते, साधारण १४ दिवसांची. ती गेली असेल तरी ९० दिवसांपर्यंत उशिराचा क्लेम घेतात, म्हणजे तुमच्याकडे डिसेंबर अखेर धरा, पण डिसेंबरची वाट बघू नका. एकट्या कामगाराचा फॉर्म डी. सगळ्यांचा मिळून प्रतिनिधीने टाकायचा तो फॉर्म ई. २१२ माणसं आहेत, युनियननेच ई टाकावा, सोबत नावांची यादी, टोकन नंबर, प्रत्येकाची रक्कम, प्रतिज्ञापत्र.

न टाकला तर काय? २०२१ चा घनश्याम मिश्रा निकाल बघा. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी नव्या मालकाकडे देण्याची योजना) मंजूर झाला की त्यात नसलेले जुने दावे संपले. नवा मालक कोऱ्या पाटीवर सुरू करतो. तुमचा सात महिन्यांचा फरक त्या पाटीवरून पुसला जाईल आणि पुसणारा म्हणेल मला कोणी सांगितलंच नाही.

---

स्पष्टवक्ता

कटू बोलतो पण युनियनमुळेच कंपन्या बंद पडतात. तीन वर्षांत ७२०० वाढ आणि वर पेढे. गिरणी संपात काय मिळालं ते मुंबईने बघितलंय की. चालू द्या.

---

बँकवाले_आजोबा

स्पष्टवक्त्यांशी निम्मा सहमत, निम्मा नाही. मी निवृत्त बँक अधिकारी, वसुली विभागात होतो. कामगारांचे हाल बघवत नाहीत हे खरं, पण बँकेचा पैसा म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांच्या ठेवी असतात हेही कोणीतरी म्हणायला हवं. कमिटी ऑफ क्रेडिटर्समध्ये (सीओसी, कर्ज देणाऱ्यांची समिती) बँकांनाच मत का, तर ज्याने कर्ज दिलं त्याचंच जास्त बुडतं म्हणून. प्लॅन पास व्हायला ६६ टक्के मतं लागतात, युनियनला मत दिलं असतं तर एकही प्लॅन पास झाला नसता.

---

मारोळकर

आजोबा, मान ठेवून बोलतो, पण जेटचं उदाहरण घ्या ना, वाढदिवसाच्या केकसारखं सगळ्यांनी वाटून घेतलं आणि कामगाराला डबा धुवायला दिला.

मी मरोळला राहतो, एअरपोर्टच्या मागे. माझी नोकरी तिकडे नव्हती, पण आमच्या बिल्डिंगमधून सकाळी जेटच्या पिवळ्या जॅकेटवाल्या मुली बस पकडायला निघायच्या. १७ एप्रिल २०१९ ला रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आलं आणि दुसऱ्या दिवशी बसच आली नाही. वीस हजारांच्या आसपास माणसं होती कंपनीत.

मला एक गोष्ट कायम आठवते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये याच जेटने एकोणीसशेच्या आसपास लोकांना एकदम काढायचं ठरवलं होतं, केबिन क्रूच्या मुली युनिफॉर्मवर रस्त्यावर उतरल्या, राज ठाकरे मध्ये पडले आणि नरेश गोयल यांनी दोन दिवसांत सगळ्यांना परत घेतलं. २००९ मध्ये पायलटांनी युनियन काढली म्हणून दोघांना काढलं तर बाकीचे सामूहिक आजारी पडले, चार-पाच दिवस विमानं जमिनीवर. तेव्हा भांडायला समोर मालक होता. २०१९ मध्ये २५ मार्चला गोयल बोर्डावरून बाजूला झाले, आणि मग पायलटांची गिल्ड, इंजिनियरांची संघटना, ऑफिसर-स्टाफची संघटना, सगळे स्टेट बँकेच्या दारात. पंधराशे कोटी सोडा म्हणून. बँक म्हणे आम्ही काय एअरलाइन चालवतो का. लेथवाले दादा जे म्हणाले ना, घोषणा कोणाच्या नावाने द्यायच्या, ते अगदी तसंच झालं होतं.

---

अबोली

+१ मारोळकर.

स्पष्टवक्ता, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. अडीच लाख लोक संपावर गेले कारण पगार पुरत नव्हता, हौस म्हणून नाही. पण ते जाऊ दे, तो वेगळा धागा होईल आणि तिथे पाचशे प्रतिसाद पडतील.

माझे बाबा गिरणीत नव्हते, ठाण्याला एका रंगाच्या कंपनीत होते. १९९६ ला ती बंद पडली, हायकोर्टाने लिक्विडेटर नेमला. बाबा दर दोन महिन्यांनी फोर्टात एका ऑफिसात जायचे, सोबत डबा आणि कागदांची पिशवी. पैसे २००९ मध्ये आले. तेरा वर्षं. युनियनच्या सेक्रेटरीकाकांनी बंद पडायच्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, टाईम ऑफिसमधून आपली सर्व्हिस कार्डाची झेरॉक्स काढून घ्या, मग कुलूप लागेल. बाबांनी घेतली. शेजारच्या शिंदेकाकांनी नाही घेतली, ते म्हणाले एवढी वर्षं काम केलंय, त्यांना माहीत नाही का मी कोण. त्यांना सर्व्हिस सिद्ध करता करता बाबांच्या पुढे दीड वर्ष लागलं.

आमच्या आईने ती पिशवी अजून टाकलेली नाही. माळ्यावर आहे.

---

ठाण्याचा_वकील

अबोलीताईंनी लाखाची गोष्ट सांगितली. त्यांच्या बाबांच्या वेळचा कायदा कामगाराला जरा बराच होता खरं तर. १९८५ ला कंपनी कायद्यात ५२९ए कलम घातलं, कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका एका रांगेत, आणि किती महिन्यांची देणी याला मर्यादा नव्हती. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कलम ५३ आलं त्यात रांग तशीच दिसते पण कामगारांची फक्त शेवटच्या २४ महिन्यांची देणी त्या वरच्या पायरीवर, बँकेच्या बरोबरीने. "एम्प्लॉयी" (अधिकारी वगैरे) असाल, वर्कमन (कामगार) नसाल, तर एक पायरी खाली आणि फक्त १२ महिने. मोझर बेअरच्या कामगार युनियनने याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं, मे २०२३ मध्ये हरले.

(त्या वर्कमन आणि एम्प्लॉयीच्या फरकावर पुन्हा येईन, दादा, तुमच्याकडे "ऑफिसर" केलेली माणसं किती आहेत ते मोजून ठेवा.)

पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी या रांगेतच नाहीत. कलम ३६(४). तो पैसा कंपनीचा नाहीच, कामगारांचा, त्यामुळे वाटपाच्या ताटात तो येत नाही. जेटच्या इंजिनियर संघटनेने हाच मुद्दा धरला. जेट घ्यायला आलेल्या जालान-कॅलरॉक गटाच्या प्लॅनमध्ये सगळ्या कामगार-कर्मचाऱ्यांसाठी मिळून ५२ कोटी होते. जून २०२१ मध्ये एनसीएलटीने प्लॅन मंजूर केला. संघटना अपिलात गेल्या आणि २१ ऑक्टोबर २०२२ ला एनसीएलएटीने, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील कोर्टाने सांगितलं की न भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल, प्लॅनमध्ये काही का लिहिलेलं असेना. जालानवाले सुप्रीम कोर्टात गेले, ३० जानेवारी २०२३ ला तिथेही हरले.

मारोळकर, हे पण लिहा की डब्यासोबत. युनियन हरली नाही तिथे. जिंकली.

---

मारोळकर

जिंकली खरी पण मिळालं काय वकीलसाहेब? नव्या मालकाने पहिल्या हप्त्याचे ३५० कोटीही पूर्ण टाकले नाहीत, त्यातले १५० कोटी बँक गॅरंटीतून वळते करा म्हणत बसला, बँका आणि ते कोर्टात भांडत बसले आणि काल सुप्रीम कोर्टाने अनुच्छेद १४२ चा आपला खास अधिकार वापरून सगळाच कारभार आटोपला. टाकलेले २०० कोटी जप्त, गॅरंटी वटवा म्हणून सांगितलं. आदेश फ्रेम करून भिंतीवर लावायचा का?

---

ठाण्याचा_वकील

लावू नका, लिक्विडेटरपुढे ठेवा. प्लॅन गेला तरी कलम ३६(४) कुठे जात नाही. आदेश नसता तर आता पहिल्यापासून भांडावं लागलं असतं. उशीर झाला हे मान्य, पाच वर्षं म्हणजे पोराचं इंजिनियरिंग होऊन जातं.

---

डॅलसकर

इथे टेक्सासमध्ये पहाट आहे, चहा घेत घेत सगळा धागा वाचून काढला. आमच्याकडचं थोडं सांगतो कारण शेजारी अमेरिकन एअरलाइन्समध्ये मेकॅनिक होता आणि २०१२ चं ते अख्खं वर्ष मी कुंपणावरून ऐकलंय.

इकडे उलटा प्रकार आहे. इथे करार कोर्टाकडून अधिकृतपणे रद्द करून घेता येतो. १९८३ ला काँटिनेंटल एअरलाइन्सच्या फ्रँक लोरेंझोने दिवाळखोरी जाहीर केली आणि युनियनचे करार फेकून देऊन पगार जवळजवळ निम्म्यावर आणले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने बिल्डिस्को केसमध्ये साधारण असं होऊ शकतं म्हटल्यावर युनियनवाल्यांनी वॉशिंग्टनला रान उठवलं आणि काँग्रेसने १९८४ मध्येच कलम १११३ घातलं. म्हणजे करार मोडायचा तर आधी युनियनपुढे प्रस्ताव ठेव, हिशेबाची वही उघडून दाखव, बोलणी कर, आणि मग जज्जला पटव की युनियन विनाकारण अडून बसली आहे. जज्ज हो म्हणेपर्यंत करार चालू.

अमेरिकन एअरलाइन्स नोव्हेंबर २०११ मध्ये चॅप्टर ११ मध्ये (इकडची दिवाळखोरी) गेली. फेब्रुवारीत म्हणाले तेरा हजार नोकऱ्या कमी करायच्यात. आता गंमत बघा, नऊ जणांची जी क्रेडिटर्स कमिटी होती तिच्यात तीन खुर्च्या युनियनच्या होत्या. पायलट, फ्लाइट अटेंडंट आणि ग्राउंडवाले. ते नुसते "करार वाचवा" म्हणत बसले नाहीत, थेट यूएस एअरवेजशी परस्पर बोलणी केली, की तुम्ही आम्हाला विकत घ्या आणि आमच्याशी हा असा असा करार करा. एप्रिल २०१२ मध्ये जाहीरच करून टाकलं. मॅनेजमेंटला विलीनीकरण नकोच होतं तेव्हा! ऑगस्टमध्ये जज्जने पायलटांचा करार रद्द करायला आधी नकार दिला, कंपनी जास्त मागतेय म्हणून, मग सप्टेंबरमध्ये सुधारित मागणीवर परवानगी दिली. म्हणजे करार गेलाच. पण डिसेंबर २०१३ मध्ये विलीनीकरण झालं ते युनियनने सुचवलेल्या कंपनीशीच.

आणि सगळंच गोड नाही. २०१२ च्याच नोव्हेंबरमध्ये होस्टेस बेकरीत, ते ट्विंकीज वाले, बेकर्स युनियनने कपात नाकारून संप केला आणि कंपनीने दुकानच बंद केलं. साडेअठरा हजार नोकऱ्या. ट्विंकीज पुढच्या वर्षी परत आले, ती माणसं बहुतेक नाही आली.

---

बँकवाले_आजोबा

डॅलसकर, उत्तम माहिती. कमिटीत युनियनच्या खुर्च्या हे मला नवीन होतं. माझं वरचं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच.

---

ठाण्याचा_वकील

आपल्याकडे खुर्ची नाही, स्टूल आहे. कामगारांसह सगळ्या ऑपरेशनल क्रेडिटर्सची (कर्ज नाही, तर काम किंवा माल देऊन पैसे थकलेले) देणी एकूण कर्जाच्या १० टक्के भरली तर त्यांच्या प्रतिनिधीला सीओसीच्या बैठकीची नोटीस मिळते, बसायला मिळतं, मत नाही. दादा, तुमची बेरीज करून बघा, सप्लायरांची देणी धरून. बसलात तरी कळेल की विकत घ्यायला कोण आलंय आणि कशावर डोळा आहे, मशीनवर का जागेवर. अंबडला मला वाटतं जागेवरच.

---

लेथवाला_अंबड | १२ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी पंचवटीत एका मंगल कार्यालयाचा हॉल घेऊन सभा घेतली, १८० माणसं आली. तरणी पोरं आधी चिडली, म्हणाली कसला फॉर्म आणि कसलं ई, गेटवर बसू. मग मी अबोलीताईंची शिंदेकाकांची गोष्ट जशीच्या तशी सांगितली (चालेल ना ताई?). सभागृह गप्प झालं एकदम.

दोन प्रश्न उरलेत. एक, पीएफ. स्लिपवर दर महिन्याला १८०० कापलेले दिसतात पण उमंग ॲपवर मार्चनंतर पासबुकात एकही एंट्री नाही. दोन, ग्रॅच्युइटी. आमच्यात एकाची २२ वर्षं सर्व्हिस, बेसिक-डीए २६ हजार. त्याचे साधारण किती?

आणि कॉन्ट्रॅक्टवाली ९० पोरं आहेत, ती विचारतात आमचं काय. त्यांना काय सांगू कळत नाही.

---

ठाण्याचा_वकील

२६ हजार भागिले २६ गुणिले १५ गुणिले २२. ३ लाख ३० हजार. तोंडी हिशेब येईल असाच आकडा दिलात.

ग्रॅच्युइटीत एक खड्डा आहे तो बघून ठेवा. कायदा म्हणतो ग्रॅच्युइटी "फंडातून" येणं असलेली रक्कम ताटाबाहेर. मग फंडच काढलेला नसेल तर? लॅन्कोच्या केसमध्ये २०२० ला एनसीएलएटीने म्हटलं होतं की फंड नसेल तर लिक्विडेटर तो पैसा उभा करायला बांधील नाही. जेटच्या निकालाने कामगाराच्या बाजूने बरंच काही झालं, पण तिथे प्लॅन होता, लिक्विडेशन नव्हतं. तेव्हा आधी शोधा की कंपनीने एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसी काढली होती का आणि हप्ता कधीपर्यंत भरलाय. अकाउंट्समध्ये कोणी ओळखीचं असेल तर आजच.

पीएफचं पासबुक प्रत्येकाने डाउनलोड करून प्रिंट काढा, स्लिपला जोडा. कापलेला आणि न भरलेला पैसा म्हणजे सरळ तुमच्या खिशातला काढलेला. पीएफ ऑफिस स्वतः पण क्लेम टाकतं, त्यांना लेखी कळवा म्हणजे आकडा बरोबर टाकतील.

कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांची नावं फॉर्म ई मध्ये जाणार नाहीत, कागदावर ती ठेकेदाराची माणसं. पण ठेकेदाराने पगार नाही दिला तर मूळ मालकाने द्यायचा असं १९७० चा ठेका कामगार कायदा सांगतो. त्यांच्यासाठी वेगळा अर्ज करा. युनियनने केला तर उद्या हीच पोरं युनियनमध्ये येतील, एवढंच बोलतो.

---

स्पष्टवक्ता

कागदपत्रांचा सल्ला चांगला आहे. बाकी मताशी ठाम.

---

दुपारची_झोप

आमच्या ह्यांना काल बसवून सगळ्या स्लिपा ईमेलमधून डाउनलोड करायला लावल्या. ऑफिसचा ईमेल बंद झाला की स्लिपा पण जातात हे लक्षातच नव्हतं आलं!! धन्यवाद लेथवाले भाऊ.

---

मारोळकर

अवांतर: कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सचं कोणाला आठवतं का? १९८८ ला सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने कामगारांनीच कारखाना चालवायला घेतला होता, कामगारांचीच सहकारी संस्था, कमानी एम्प्लॉईज युनियन. आमचे मामा सांगायचे की पहिली काही वर्षं जोरात चालला, मग भांडणं आणि भांडवल दोन्ही नडलं. लेथवाले दादा, १८० माणसं एका हॉलमध्ये जमतात तर... असो, नुसतं डोक्यात आलं.

---

लेथवाला_अंबड | २७ नोव्हेंबर

उशिरा लिहितोय, वेळच मिळाला नाही.

फॉर्म ई गेला. २१२ नावं, १४ जणांनी चार रात्री बसून एक्सेल केलं, त्यात निम्म्यांना एक्सेल येत नव्हतं. करारनाम्याची आमच्याकडची प्रत जोडली, लेबर ऑफिसचा शिक्का असलेली. एलआयसीची पॉलिसी सापडली, आहे, पण हप्ता दोन वर्षं भरलेला नाही. पीएफ ऑफिसला पत्र दिलं, पोच घेतली. वाढ स्थगितीच्या कागदावर वकीलसाहेबांनी सांगितलं तसं ९ए चा हवाला देऊन लेखी उत्तर दिलं तर आरपीने बोलावून घेतलं. या वेळी चहा नव्हता. पण चालू महिन्याचा पगार दुसऱ्या टप्प्याच्या वाढीसकट देतो म्हणाला, आणि काल तसाच जमा झालाय. जुन्या सात महिन्यांचं मात्र सीओसी बघेल.

आता नवीन भानगड. आरपीने यादी परत पाठवली त्यात १९ जणांना "एम्प्लॉयी" मध्ये टाकलंय, वर्कमन नाही. म्हणजे वकीलसाहेब म्हणाले तेच, १२ महिने आणि खालची पायरी. हे सगळे गेल्या पाच-सहा वर्षांत "असिस्टंट ऑफिसर" केलेले. आमचा टूलरूमवाला मामा त्यात आहे, ३१ वर्षं सर्व्हिस, ऑफिसर केल्यावर पगार ४०० रुपयांनी वाढला आणि ओव्हरटाइम बंद झाला. हाताखाली एक माणूस नाही. अजून रोज सरफेस ग्राइंडरवर स्वतः उभा असतो, हातावर कूलंटचे डाग निघत नाहीत त्याच्या, आणि कागदावर म्हणे अधिकारी. तो मला म्हणाला, "माझ्या स्लिपवर ऑफिसर छापून आलं तेव्हा मी बायकोला दाखवली होती रे."

काय करायचं?

---

ठाण्याचा_वकील

पद काय छापलंय त्याला कोर्टात फार किंमत नाही, काम काय करतो ते बघतात. हाताने काम करणारा वर्कमनच. रजा मंजूर करतो का, कोणाला मेमो देतो का, नाही ना? मग रोज मशीनवर उभा असतो याचा लेखी पुरावा हवा. जॉब कार्ड असतील ना टूलरूमला? ज्यावर ऑपरेटरचा टोकन नंबर आणि सही असते? १९ जणांची मिळतील तेवढी काढा, जितकी जुनी तितकी बरी.

---

लेथवाला_अंबड | २८ नोव्हेंबर

मिळाली. स्टोअरच्या मागे स्क्रॅपला काढलेल्या पोत्यात होती, सिक्युरिटीवाल्याला सांगून दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघांनी उपसली. २०१९ पासूनची आहेत. कडा उंदरांनी खाल्ल्यात पण मामाचा टोकन नंबर ११७ आणि खाली त्याची ती लांबडी सही सगळ्यांवर दिसतेय. सध्या त्रिमूर्ती चौकात झेरॉक्सच्या दुकानात उभा आहे, सहाशे चाळीस कार्डं, दुकानदार म्हणतोय मध्ये मशीन थंड करावं लागेल.